घरचा वनौषधिसंग्रह आणि गावची शाळा



मावळातील जुन्या घरांत फडताळाच्या वरच्या कप्प्यात एक लहानसा डबा असे. तो कोणी सहसा उघडीत नसे आणि मुलांच्या हाती तर तो कधीच दिला जात नसे. त्यात बाळगुटीचे जिन्नस असत. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, नागरमोथा, ज्येष्ठमध, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली अशी ती यादी घरोघर थोडीफार बदलत असे. सहाणेवर आईचे दूध घेऊन प्रत्येक जिनसाचे ठरलेले वेढे द्यावयाचे, मूल मोठे होईल तसतसे वेढे वाढवावयाचे, आणि काम झाल्यावर प्रत्येक तुकडा पुसून पुन्हा डब्यात ठेवावयाचा, असा क्रम होता. घरगुती औषधिसंग्रहाचा हा आपल्याकडील फार जुना आणि अतिशय शिस्तीचा नमुना होय. शिस्तीचा म्हणावयाचे ते अशासाठी की, डबा सांभाळणारी आजी त्यातील प्रत्येक तुकडा दिव्याशिवाय, केवळ बोटांनी आणि वासाने ओळखीत असे. एखादा तुकडा ओळखू आला नाही तर तो सहाणेवर न येता चुलीत जाई. घरी औषधी वनस्पतींचा संग्रह करू पाहणाऱ्याने सर्वप्रथम शिकावयाची गोष्ट हीच आहे. जे खात्रीने ओळखता येत नाही ते संग्रहात नको.

हा डबा भूगोलाचाही एक चांगला धडा आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. हिरडा व बेहडा मावळच्या डोंगरांत आहेत. मुरुडशेंग ही केवणीच्या झुडपाची पिळदार शेंग लोहगड-विसापूरच्या उतारांवर गुराख्याची मुले सहज दाखवितील. नागरमोथा भातखाचरांच्या ओलीत तण म्हणून उपटून टाकला जातो. परंतु अतिविष येते ते हिमालयाच्या उंच भागांतून. काकडशिंगी हीदेखील हिमालयाकडील झाडावर कीटकांमुळे आलेली गाठ आहे. मायफळ तर फळ नव्हेच. पश्चिम आशियातील ओक वृक्षाच्या कोवळ्या फांदीवर एक माशी अंडी घालते आणि तेथे जी गोल गाठ वाढते, तिला मायफळ हे नाव पडले. जायफळ मूळचे पूर्वेकडील मोलुक्का बेटांचे. म्हणजे मावळच्या एका खेड्यातील पत्र्याच्या डब्यात अर्ध्या आशियाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. चौथीच्या वर्गात नकाशा टांगून ह्या डब्यातील जिनसांच्या वाटा मुलांकडून काढून घेतल्या, तर तो तास मुले विसरणार नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आईच्या दुधाखेरीज दुसरे काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये असा आजच्या आरोग्यशास्त्राचा निश्चित सल्ला आहे. सहाणेवरील अस्वच्छता, जिनसांवर धरलेली बुरशी आणि वेखंडासारख्या द्रव्यांतील तीव्र घटक ह्यांचा धोका आता ठाऊक झाला आहे. म्हणून शाळेने गुटीच्या डब्याचा आदर करावा, तो मुलांना दाखवावा, त्यातील नावे लिहून ठेवावीत. परंतु गुटीचा प्रचार करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ज्या गोष्टीचे जतन करावयाचे आणि जिचा वापर करावयाचा त्या दोन वेगळ्या असू शकतात, हा विवेक पुढील सर्व विवेचनात सांभाळावा लागणार आहे.

ओळखीच्या प्रश्नाकडे अधिक बारकाईने पाहू गेल्यास असे दिसते की, घोटाळा बहुधा नावामुळे होतो, झाडामुळे नव्हे. कित्येक शाळांच्या आवारात फाटकापासून इमारतीपर्यंत ‘अशोका’ची उंच रांग असते आणि अशोकाची साल औषधी असल्याचे पुस्तकात छापलेले असते. मुले ही दोन वाक्ये सहज जोडतात. वस्तुतः ती रांग आसुपालवाची. त्याचे पान एकेरी, लांबट आणि कडेला लाटा असलेले. फुले हिरवट आणि कोणाच्या नजरेत न भरणारी. खरा अशोक, ज्याला लोक सीतेचा अशोक म्हणतात, त्याचे पान संयुक्त असते, कोवळी पालवी तांबूस होऊन मरगळल्यासारखी लोंबते आणि नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ फांद्यांवर, क्वचित खोडावरही फुटतात. दोन्ही वृक्ष चांगलेच आहेत. पण एकाचे गुण दुसऱ्याच्या पदरी घालता येत नाहीत.

ब्राह्मीचीही तीच कथा. पुणे जिल्ह्यातील बरीच माणसे ब्राह्मी म्हणून जे दाखवितात ते कारिवण्याचे पान असते. जमिनीलगत धावणारी वेल, मूत्रपिंडाच्या आकाराची दातेरी पाने, प्रत्येक पेराशी मुळे. ग्रंथांत तिला मंडूकपर्णी म्हटले आहे. दुसरी ब्राह्मी, जलब्राह्मी, हिची पाने लहान, मांसल, देठाविना जोडीने बसलेली, आणि फुले फिकट निळसर. भातखाचरांच्या बांधाशी दोन्ही एका हाताच्या अंतरावरही सापडतात. कोणती खरी हा वाद वैद्यांनी खुशाल करावा. शाळेचे कर्तव्य एवढेच की, दोन्हींना दोन वेगळे क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकीखाली गावात चालणारी सर्व नावे लिहावीत.

परंतु नावापेक्षा अधिक काही पणास लागते ते गुळवेलीच्या बाबतीत. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि गुळवेलीचा काढा हा शब्द घराघरांत पोहोचला. ज्यांनी ती वेल कधी पाहिली नव्हती त्यांनी कुंपणावरची हृदयाकार पानांची जी वेल दिसली ती तोडून उकळली. २०२१ साली मुंबईतील काही डॉक्टरांनी गुळवेलीचे दीर्घकाळ सेवन केलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यावर केंद्रीय आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती काय, हे तपासले गेलेले नाही. तिच्या कुळातील दुसऱ्या एका जातीशी, टिनोस्पोरा क्रिस्पाशी, तिची गल्लत होऊ शकते. पुढे देशातील अन्य डॉक्टरांनी खऱ्या गुळवेलीबाबतही, विशेषतः ज्यांना आधीच रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाचे विकार आहेत अशांच्या बाबतीत, तशीच शंका व्यक्त केली. ह्या वादाचा निकाल शाळेत लागावयाचा नाही. परंतु त्यातून दोन गोष्टी निर्विवादपणे हाती लागतात. वेल कोणती हे ठरविल्यावाचून तिच्या गुणदोषांची चर्चाच होऊ शकत नाही. आणि ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे जे वाक्य गावोगाव ऐकू येते ते खोटे आहे.

मग गुळवेल ओळखावी कशी? पान हृदयाच्या आकाराचे आहे, एवढ्यावर कदापि भागवू नये; तसल्या पानांच्या वेली मावळात पुष्कळ आहेत, आणि पहाडवेल ही तर तिच्याच कुळातील. जून कांडे हाती घ्यावे. वरची पातळ, कागदासारखी साल नखाने सोलून निघते आणि आतून हिरवा रंग दिसतो. आडवा काप घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. चव कडू. उंच फांदीवरून दोरीसारखी बारीक हवाई मुळे खाली लोंबत असतात. बुंध्याशी तोडली तरी वरची वेल लवकर मरत नाही, नवी मुळे सोडून पुन्हा जमीन गाठते. म्हणूनच तिला अमृता आणि छिन्नरुहा ही नावे मिळाली. उलट क्रिस्पा जातीच्या कांड्यावर ठळक उठलेले फोडासारखे उंचवटे असतात. ही खूण एकदा बोटाला कळली की विसरत नाही. अशा खुणा फळ्यावर लिहून देण्यात फारसा अर्थ नाही. कांडे मुलांच्या हातात गेले पाहिजे.

वनस्पती खात्रीने ओळखण्याची आणि ओळखलेली नोंदवून ठेवण्याची जी शास्त्रीय रीत आहे, तिचा एक उत्तम दाखला मावळच्या अगदी कडेवर, खंडाळ्याला घडलेला आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फादर हर्मेनेगिल्ड संतापाऊ हे मूळचे स्पेनचे. त्यांनी खंडाळ्याचे पठार, दऱ्या आणि ओढे वर्षानुवर्षे, निरनिराळ्या ऋतूंत पायी धुंडाळले आणि १९५३ साली ‘खंडाळ्याच्या वनस्पती’ ह्या विषयावरचा त्यांचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केला. पुढे त्याच विभागाचे ते संचालक झाले. ह्या कामातील शिकण्याजोगी गोष्ट ही की, त्यात नुसती नावे नाहीत. प्रत्येक नावामागे वाळविलेला एक नमुना आहे, त्या नमुन्याला क्रमांक आहे, आणि तो कोठे व कोणत्या दिवशी घेतला ह्याची नोंद आहे. उद्या कोणी म्हणाला की हे नाव चुकले, तर नमुना काढून पुन्हा पाहता येतो. स्मरणशक्तीवर चालणारा संग्रह त्या माणसाबरोबर संपतो. क्रमांकावर चालणारा संग्रह चूकसुद्धा जपून ठेवतो आणि म्हणून ती सुधारता येते.

लोणावळा, खंडाळा, कार्ले, भाजे ह्या परिसरातील शिक्षकांना हे काम परके वाटू नये. त्यास लागणारे साहित्य शाळेत आहेच. फूल असलेली फांदी घ्यावी. फुलावाचून घेतलेला नमुना हा निम्मा नमुना होय. ती जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत पसरून वर फळी आणि दगड ठेवावा. कागद रोज बदलावेत. सात-आठ दिवसांनी नमुना कडक झाला की जाड कागदावर टाके घालून बसवावा आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावावी. तिच्यावर क्रमांक, गावातील नाव, ठिकाण, तारीख, झाड की झुडूप की वेल, फुलाचा ताजेपणी असलेला रंग, आणि ओळख कोणी सांगितली त्या व्यक्तीचे नाव असावे. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. शाईचे अक्षर मावळच्या एका पावसाळ्यात पसरते, शिसपेन्सिलीचे टिकते.

मावळचा पाऊस हा ह्या सर्व उद्योगाचा खरा अधिकारी आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगावला तो त्याच्या निम्म्याहून बराच कमी. एकाच तालुक्यात हा फरक असल्यामुळे जे वेळापत्रक वडगावला चालते ते राजमाचीकडील गावांत चालत नाही. जून ते सप्टेंबर ह्या काळात घाटमाथ्यावर पान वाळविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे बुरशीची लागवड करणे होय. ह्या काळात लावावे आणि पाहावे. खुडावे ते दसऱ्यानंतर. जे पान हवे ते सामान्यतः फुले येण्याच्या सुमारास, मूळ हवे ते बी पिकून वरचा भाग सुकू लागल्यावर घ्यावे असा पूर्वापार संकेत आहे. पाने सुपात किंवा परडीत एकेरी थरात, सावलीत आणि वाऱ्याला ठेवावीत. कडक उन्हात रंग उडतो आणि सुवासिक पानांचा वासही जातो. मुठीत धरल्यावर पान कुरकुरीत मोडले आणि देठ वाकण्याऐवजी तुटले, म्हणजे वाळले असे समजावे. मग ते कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली जावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल आत कोंडली जाते, म्हणून ती टाळावी. बरणीवर वनस्पतीचे नाव, कोणता भाग आणि कोणत्या महिन्यात वाळविला हे लिहिलेले नसेल, तर त्या बरणीतील वस्तू कितीही गुणकारी असली तरी कचरा समजावी. वर्ष उलटलेले पानही काढून खतात घालावे. येथे काटकसरीला जागा नाही.

संग्रह किती मोठा असावा, असा प्रश्न नेहमी येतो. उत्साहाच्या भरात शंभर रोपांची यादी करणाऱ्या शाळा असतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांतील नव्वद आळी रिकामी असतात. घराला आठ-दहा वनस्पती पुरेत. अडुळसा, गुळवेल, निर्गुडी, तुळस, कोरफड, गवती चहा, पानओवा, आले, हळद आणि सांडपाण्याच्या कडेला वेखंड. ह्यांतील बहुतेक फांदी, कांडे, गड्डा किंवा कंद लावून येतात आणि बी विकत घ्यावे लागत नाही. पहिला पाऊस जमिनीत मुरला की हातभर लांबीची कांडी लावावीत. कोरफड मात्र उंच, निचऱ्याच्या जागी किंवा पडवीतील कुंडीत हवी. घाटमाथ्याच्या पावसात ती कुजते.

ह्या मोजक्या वनस्पतींविषयी मात्र खोलवर माहिती असावी. अडुळशाचे उदाहरण घ्या. त्याच्या पानाला गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून शेतकरी तो कुंपणाला लावतो. ही औषधाची नव्हे, शेतीची अक्कल. पानातील व्हॅसिसीन हा घटक रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा केला आणि त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, जे आज खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत असते. परंतु त्याच घटकाचा गर्भाशयावरही परिणाम होतो, म्हणून गरोदर स्त्रीला अडुळसा देऊ नये. कोरफडीच्या पानाला चीर दिली की प्रथम जो पिवळा कडू रस ओघळतो तो वाळवून काळाबोळ होतो; तो तीव्र रेचक आहे. आतला पारदर्शक गर वेगळा. दोन्ही एकाच पानात आहेत आणि दोहोंचे काम निराळे. निर्गुडीचे पान तीन किंवा पाच पर्णिकांचे, खालून पांढुरके. सांधे दुखत असता त्याचा शेक घेतात आणि धान्याच्या कणगीत किडीसाठी ते घालतात. हिरड्याचे तर एकच झाड तीन नावांची फळे देते. कोवळे, आठळी धरण्यापूर्वी वाळलेले ते बाळहिरडे, पुढचे चांभारी हिरडे आणि पूर्ण पोसलेले सुरवारी हिरडे. मधल्याला चांभारी म्हणतात ते कातडी कमावण्याच्या कामी येतात म्हणून. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा हे आदिवासी कुटुंबांचे रोख उत्पन्न आहे. एका फळाशी रसायन, व्यवसाय आणि उपजीविका अशा तीन गोष्टी बांधलेल्या आहेत. ज्यांना अधिक वाचावयाचे आहे त्यांनी शंकर दाजी शास्त्री पदे ह्यांचा ‘आर्यभिषक्’ आणि डॉ. वामन गणेश देसाई ह्यांचा ‘ओषधिसंग्रह’ पाहावा. मात्र त्यांतील मात्रा वाचून स्वतः प्रयोग करू नयेत. ते ग्रंथ वैद्यांसाठी आहेत.

आता त्या झाडांविषयी, जी संग्रहात नसूनही शाळेच्या सर्वांत जवळ असतात. शाळेच्या कुंपणाला अनेक ठिकाणी मोगली एरंड लावलेला आढळतो. तो फांदीने लागतो, गुरे खात नाहीत आणि लवकर वाढतो. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात. मधल्या सुट्टीत एका मुलाने फोडल्या की दहा मुले खातात, आणि एक-दोन तासांत उलट्या-जुलाबांनी सगळी आडवी होतात. महाराष्ट्रातील शाळांत हे पुनःपुन्हा घडलेले आहे. तेव्हा वनौषधींचा पहिला धडा तुळशीपासून नव्हे, तर कुंपणापासून सुरू व्हावा. तांबड्या गुंजेची बी चावली गेल्यास मुलाच्या जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले मुलांना फार आवडतात; तिचा कंद रताळे समजून खाल्ल्यास घातक ठरतो. धोतरा, पिवळा कण्हेर, साधा एरंड हेही ह्याच पंक्तीतील. ह्यांची नमुनापत्रके शाळेच्या संग्रहात अवश्य असावीत, लाल पेन्सिलीच्या चौकटीत. मोगली एरंडाचे कुंपण मात्र काढून टाकावे. त्या ठिकाणी अडुळसा किंवा निर्गुडी लावता येते. दोन्ही जनावरे टाळतात.

अपघात झालाच, तर खाल्लेल्या बीचा किंवा फांदीचा नमुना मुलाबरोबर दवाखान्यात गेला पाहिजे, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मीठपाणी पाजून उलटी करविण्याच्या खटपटीत पडू नये.

सर्पदंशाचा विषय येथेच घेणे भाग आहे, कारण औषधी मुळ्यांवरचा आंधळा विश्वास जेवढे बळी घेतो तेवढे कदाचित सापही घेत नसेल. सर्पगंधा ह्या वनस्पतीच्या नावातच साप आहे, आणि त्या नावावरून तिचे मूळ उगाळून दिल्याच्या गोष्टी सर्वत्र ऐकू येतात. खरे काय ते पाहावे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी १९४९ साली सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हा घटक वेगळा करण्यात आला. म्हणजे आपल्या परंपरेने सांभाळलेली वनस्पती खरोखर मोलाची होती. पण तिचे मोल रक्तदाबाच्या बाबतीत सिद्ध झाले, सापाच्या विषावर नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्यांच्या विषावर प्रतिसर्पविष हेच औषध आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव त्यासाठी महाराष्ट्रास परिचित आहे. दंश झालेले अंग हलू देऊ नये, चिरू नये, करकचून बांधू नये आणि रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. आंदर मावळातील किंवा पवन मावळातील एखाद्या वाडीवरून पावसाळ्यात रुग्णालय गाठावयास जो वेळ लागतो, त्यातील अर्धा तास मुळी शोधण्यात गेला तर तो परत मिळत नाही. घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातील कितीतरी मुले वाचली, हेही मुलांना सांगावे. खेड्यातील दवाखान्यात, रुग्णाच्या उशाशी बसून केलेले हे संशोधन आहे.

भातलावणीनंतर येणारा ताप, डोळ्यांना आलेली पिवळी छटा, थांबत नसलेला खोकला ह्यांच्या बाबतीतही तेच. लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, क्षय हे काढ्याने ओसरणारे विकार नव्हेत. काविळीवर विशिष्ट वारी गुप्त पाला देणारी माणसे ठिकठिकाणी आहेत. नाव न सांगता दिलेल्या पाल्याला कोणत्याही संग्रहात जागा नाही, मग देणारा कितीही निरिच्छ असो. संग्रहाचा अर्थच मुळी नाव उघड असणे हा आहे.

वनस्पती आणावयाच्या कोठून, हा शेवटचा पण नाजूक प्रश्न. रानातून उपटून आणलेला संग्रह हा संग्रह नव्हे, ती लूट होय. सह्याद्रीतील नरक्या ह्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांस उपयोगी द्रव्य असल्याचे १९७२ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे ह्या झाडाची चोरटी तोड घाटमाथ्यावर होत राहिली. गुणच झाडाच्या मुळावर आला. म्हणून शाळेने पान, फूल, गळून पडलेले फळ आणि फांदीचा एखादा तुकडा एवढ्यावर थांबावे. सालीची आणि मुळांची औषधे संग्रहातून सरळ वगळावीत. साल सोललेले झाड मरते आणि सोलणाऱ्या मुलाला ते दिसायला पुढच्या वर्षी यावे लागते. देवराईत तर काडीही मोडू नये, हा मावळातील जुना नियम आहे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी १९७० नंतर पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून ह्या नियमामागील शहाणपण जगापुढे मांडले. अन्यत्र नाहीशा झालेल्या वनस्पती तेथे टिकून आहेत. देवराईत मुलांना वहीसह न्यावे आणि रिकाम्या हातांनी परत आणावे.

ज्ञानाच्या बाबतीतही हीच मर्यादा पाळावी लागेल. मावळात महादेव कोळी, ठाकर, कातकरी ह्या समाजांतील वडीलधाऱ्यांना रानाची जी ओळख आहे, ती कोणत्याही पुस्तकात पूर्ण उतरलेली नाही. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांकडून एकेका वनस्पतीचे नाव, ती कोठे येते आणि तिचे काय करतात हे विचारून आणावे. एकाच झाडाची तीन वाड्यांत तीन नावे आली, तर तिन्ही लिहावीत. शिक्षकाने त्यांतील दोन खोडून ‘शुद्ध’ नाव घालू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते, आणि शाळेतील ही वही तिला भक्कम आधार देऊ शकते. मात्र ज्यांनी सांगितले त्यांची संमती घ्यावी, नोंदीखाली त्यांचे नाव घालावे, आणि जे त्यांनी बाहेर सांगू नये म्हटले ते लिहू नये. ज्या वाडीतील मुले वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतात, त्यांच्या आजोबांचे नाव जेव्हा शाळेच्या वहीत ‘ओळख सांगणारे’ ह्या रकान्यात लिहिले जाते, तेव्हा ती मुले पुढे सरकतात.

एखादा नमुना गावात कोणालाच ओळखू येत नाही, असे होणारच. अंदाजाने नाव देऊ नये. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि तेथे वाळविलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही साहाय्य करू शकतात. अशा वेळी एकाच झाडाचे, फुलासह, दोन नमुने वाळवावेत आणि दोघांनाही एकच क्रमांक द्यावा. एक तज्ज्ञाकडे पाठवावा आणि दुसरा, नावाची जागा कोरी ठेवून, शाळेच्या कपाटात ठेवावा.